वापरलेली हॉट हॅचबॅक खरेदी करताना कोणती तपासणी करावी

आकाराने लहान, रोजच्या वापरास सोयीची, परंतु शक्तिशाली इंजिन, घट्ट सस्पेन्शन आणि अधिक प्रभावी ब्रेक लाभलेली मोटार 'हॉट हॅचबॅक' या नावाने ओळखली जाते. भारतात अशा मोटारी नेहमीच मोजक्या संख्येने विकल्या गेल्या. त्यांपैकी बहुतेकांचे उत्पादन आता थांबले असल्याने वाहनप्रेमी ग्राहकाला त्या केवळ जुन्या वाहनांच्या बाजारातच मिळू शकतात.

साधी वापरलेली मोटार आणि वापरलेली हॉट हॅचबॅक यांच्या खरेदीत मात्र मोठा फरक आहे. या मोटारी घेणारा पहिला मालक बहुधा वेगाची आवड असणारा असतो. त्यामुळे इंजिन, क्लच, गिअरबॉक्स आणि टायर यांवर अधिक ताण पडलेला असण्याची शक्यता असते. अनेक मोटारींमध्ये कंपनीने न दिलेले बदलही करून घेतलेले असतात. वरवर चकचकीत दिसणारी मोटार आतून थकलेली असू शकते. खरेदीदाराच्या पैशांबरोबरच त्याच्या आणि रस्त्यावरील इतरांच्या जिवाचाही प्रश्न यात गुंतलेला असल्याने तपासणीचे टप्पे समजून घेणे आवश्यक ठरते.

पार्श्वभूमी

या प्रकाराला जगभर लोकप्रियता मिळवून देण्याचे श्रेय प्रामुख्याने १९७६ मध्ये विक्रीस आलेल्या फोक्सवॅगन गोल्फ जीटीआयला दिले जाते. १.६ लिटर इंजिन आणि ११० अश्वशक्ती असलेल्या या मोटारीनंतर १९८४ मध्ये पर्जो २०५ जीटीआय आली आणि युरोपात हा प्रकार रुजला.

भारतात २००१ मध्ये आलेल्या फियाट पॅलिओच्या १.६ लिटर आवृत्तीने या प्रकाराची चुणूक दाखविली. सुमारे १०० अश्वशक्तीच्या या मोटारीची सचिन तेंडुलकर यांच्या नावाशी जोडलेली 'एस १०' ही मर्यादित आवृत्तीही निघाली होती. २०१३ मध्ये फोक्सवॅगन पोलो जीटी टीएसआय बाजारात आल्यानंतर लहान टर्बो पेट्रोल इंजिनांचे पर्व खऱ्या अर्थाने सुरू झाले.

भारतीय बाजारातील प्रमुख मोटारी

पोलो जीटी टीएसआयमध्ये १.२ लिटरचे टर्बो पेट्रोल इंजिन असून ते १०५ अश्वशक्ती आणि १७५ न्यूटन मीटर टॉर्क देते. त्याला सात गिअरचा डीएसजी म्हणजेच दुहेरी क्लचचा स्वयंचलित गिअरबॉक्स जोडलेला आहे. २०२० मध्ये या इंजिनाची जागा ११० अश्वशक्तीच्या एक लिटर टीएसआय इंजिनाने घेतली आणि डीएसजीऐवजी टॉर्क कन्व्हर्टर पद्धतीचा सहा गिअरचा स्वयंचलित गिअरबॉक्स आला. पुण्याजवळील चाकण येथे तयार होणाऱ्या पोलोचे भारतातील उत्पादन २०२२ मध्ये थांबले. २०१६ मध्ये १९२ अश्वशक्तीची, तीन दरवाजांची पोलो जीटीआय आयात करण्यात आली होती. तिच्या केवळ ९९ मोटारी भारतासाठी राखून ठेवण्यात आल्या होत्या.

२०१५ मध्ये आलेल्या फियाट अबार्थ पुंटोमध्ये १.४ लिटरचे टर्बो इंजिन असून त्याची शक्ती सुमारे १४५ अश्वशक्ती आणि टॉर्क २१२ न्यूटन मीटर आहे. मारुती सुझुकीची बलेनो आरएस २०१७ मध्ये आली. तिच्या एक लिटर टर्बो इंजिनाची शक्ती १०२ अश्वशक्ती असून चारही चाकांना डिस्क ब्रेक आहेत. टाटाची टियागो जेटीपी २०१८ मध्ये दाखल झाली. तिची शक्ती ११४ अश्वशक्ती आहे. या तिन्ही मोटारी १ एप्रिल २०२० पासून लागू झालेल्या भारत स्टेज ६ उत्सर्जन नियमांच्या काळात टिकल्या नाहीत.

अलीकडच्या मोटारींमध्ये २०२१ मधील ह्युंदाई आय २० एन लाइन आणि २०२४ मधील टाटा अल्ट्रोझ रेसर यांचा उल्लेख करावा लागेल. दोन्हींची शक्ती १२० अश्वशक्ती आहे. वयाने लहान असल्याने या मोटारींना कंपनीची वॉरंटी शिल्लक असू शकते. ती नव्या मालकाच्या नावे कशी हस्तांतरित होते, याची चौकशी अधिकृत विक्रेत्याकडे करावी.

प्रथम कागदपत्रे, नंतर मोटार

मोटार पाहून मन मोहून जाण्यापूर्वी कागदपत्रे पाहावीत, हा जुन्या वाहनांच्या व्यवहारातील पहिला नियम आहे. नोंदणी प्रमाणपत्र म्हणजेच आरसीवरील चॅसिस क्रमांक आणि इंजिन क्रमांक मोटारीवर कोरलेल्या क्रमांकांशी अक्षरशः जुळवून पाहावेत. कोरलेल्या क्रमांकाभोवती घासल्याच्या, वेल्डिंगच्या किंवा ताज्या रंगाच्या खुणा दिसल्यास व्यवहार तेथेच थांबवावा.

केंद्र सरकारच्या परिवहन सेवा संकेतस्थळावर किंवा एम परिवहन या मोबाइल अॅपवर नोंदणी क्रमांक टाकून नोंदणीची तारीख, इंधनाचा प्रकार, विम्याची आणि पीयूसीची मुदत यांसारखा तपशील पाहता येतो. ई-चलन संकेतस्थळावर थकीत दंडही दिसतो. वेगमर्यादा ओलांडल्याबद्दलच्या दंडांची लांबलचक यादी दिसल्यास मोटार कशी चालविली गेली असेल, याची कल्पना खरेदीदाराला आपोआप येते.

आरसीवर कर्जाचा बोजा म्हणजेच हायपोथिकेशन नोंदलेले असल्यास बँकेचे ना-हरकत प्रमाणपत्र आणि नमुना ३५ यांच्या आधारे तो उतरवून घेणे आवश्यक असते. 'कर्ज फिटले आहे, फक्त नोंद राहिली आहे', या तोंडी आश्वासनावर विसंबू नये. मोटार चोरीची नाही ना, याची खातरजमा राष्ट्रीय गुन्हे नोंदणी विभागाच्या ऑनलाइन सेवेतून करता येते.

परराज्यातील मोटारीबाबत विशेष दक्षता घ्यावी लागते. दिल्ली परिसरात दहा वर्षांवरील डिझेल आणि पंधरा वर्षांवरील पेट्रोल वाहनांवर न्यायालयीन आदेशांनुसार निर्बंध आले असून या आदेशांत वेळोवेळी बदलही झाले आहेत. या कारणाने तेथील मोटारी तुलनेने स्वस्तात अन्य राज्यांत येतात. मोटार वाहन कायद्याच्या कलम ४७ नुसार दुसऱ्या राज्यात बारा महिन्यांहून अधिक काळ ठेवल्या जाणाऱ्या वाहनाला तेथील नोंदणी क्रमांक घ्यावा लागतो. त्यासाठी मूळ आरटीओचे ना-हरकत प्रमाणपत्र आणि नव्या राज्याचा रस्ता कर लागतो. हा खर्च मिळविला असता 'स्वस्त' वाटणारी मोटार अनेकदा महाग पडते. बीएच मालिकेतील क्रमांक असल्यास कर कोणत्या तारखेपर्यंत भरलेला आहे, हे पाहणे महत्त्वाचे ठरते.

पॅलिओसारख्या पंधरा वर्षे पूर्ण झालेल्या मोटारीची नोंदणी नूतनीकृत आहे किंवा नाही, हेही पाहावे. खासगी वाहनाची मूळ नोंदणी पंधरा वर्षांची असते. त्यानंतर योग्यता तपासणी होऊन ती पाच-पाच वर्षांसाठी वाढविली जाते.

सर्व्हिसचा इतिहास

टर्बो इंजिनाचे आयुष्य बहुतांशी वेळेवर बदललेल्या आणि योग्य दर्जाच्या तेलावर अवलंबून असते. म्हणून सर्व्हिसच्या नोंदी हा या खरेदीतील सर्वांत मोलाचा दस्तऐवज समजावा. मालकाच्या संमतीने चॅसिस क्रमांकाच्या आधारे अधिकृत सर्व्हिस केंद्राकडून जुन्या नोंदी मिळू शकतात. प्रत्येक भेटीच्या वेळचे किलोमीटर क्रमाने वाढत गेले आहेत काय, हे पाहावे. एका वर्षी ६२ हजार आणि पुढील वर्षी ४१ हजार अशी नोंद आढळल्यास ओडोमीटर मागे फिरविला गेला आहे, हे उघड आहे.

नोंदी उपलब्ध नसल्यास मोटारच साक्ष देते. क्लच आणि ब्रेक पेडलचे रबर, स्टिअरिंगचे आवरण, गिअरची मूठ आणि चालकाच्या आसनाची दरवाजाकडील कड यांची झीज आकड्याशी सुसंगत असावयास हवी. तीस हजार किलोमीटर चाललेल्या मोटारीचे पेडल गुळगुळीत झालेले नसते.

कंपनीने परत बोलावलेल्या मोटारींची माहितीही घ्यावी. उदाहरणार्थ, मारुती सुझुकीने एप्रिल २०२३ मध्ये ७,२१३ बलेनो आरएस मोटारी ब्रेकला साहाय्य करणाऱ्या व्हॅक्यूम पंपातील संभाव्य दोषासाठी परत बोलाविल्या होत्या. या दोषामुळे ब्रेक पेडल दाबण्यास अधिक जोर लागण्याची शक्यता होती. बलेनो आरएस घेणाऱ्याने चॅसिस क्रमांक देऊन हे काम पूर्ण झाले आहे किंवा नाही, याची विचारणा करावी.

अपघात आणि पुराच्या खुणा

मोटार नेहमी दिवसाच्या उजेडात, कोरड्या अवस्थेत आणि सपाट जागेवर पाहावी. नुकत्याच धुतलेल्या ओल्या मोटारीवर रंगातील फरक लपतो. बॉनेट, दरवाजे आणि डिकी यांच्या फटी दोन्ही बाजूंना सारख्या असाव्यात. रंगाची जाडी मोजणारे उपकरण असलेला जाणकार सोबत असल्यास पुटिंग भरलेले भाग तत्काळ ओळखता येतात.

किरकोळ डेंटिंग-पेंटिंग हा दोष नव्हे. शहरातील वाहतुकीत ते अपरिहार्य असते. चिंता करावयाची ती सांगाड्याची. बॉनेट उघडून पुढील दोन्ही लांब पट्ट्या आणि सस्पेन्शनचे वरचे बुरूज पाहावेत. डिकीतील स्टेपनी बाहेर काढून खालचा पत्रा तपासावा. कारखान्यातील स्पॉट वेल्डिंग ठरावीक अंतरावर आणि एकसारखे असते. गॅरेजमधील वेल्डिंग ओबडधोबड दिसते. बॉनेट आणि दरवाजांच्या बिजागरीच्या बोल्टवरील रंग उडालेला असल्यास ते भाग काढले गेले होते, असे समजावे.

इग्निशन सुरू केल्यावर एअरबॅगचा दिवा काही क्षण लागून विझावयास हवा. तो विझत नसेल तर दोष आहे. मुळीच लागत नसेल तर तो दिवाच निकामी केला असण्याची शक्यता आहे. अपघातात उघडलेल्या एअरबॅग न बदलता केवळ आवरण शिवून मोटार विकण्याचे प्रकार घडत असल्याने ही लहानशी तपासणी जीवरक्षक ठरू शकते.

२६ जुलै २००५ रोजी मुंबईत सांताक्रूझ वेधशाळेने चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पावसाची नोंद केली. २०१५ मध्ये चेन्नई आणि २०१९ मध्ये कोल्हापूर-सांगली परिसर पाण्याखाली गेला. अशा प्रत्येक पुरानंतर बुडालेल्या मोटारी स्वच्छ करून दूरच्या शहरांत विक्रीस जातात. सीट बेल्ट शेवटपर्यंत ओढून पाहिल्यास आतील टोकाला चिखलाची रेषा आढळते. आसनांखालील रुळांवरील गंज, गालिच्याखालील ओलावा, फ्यूज बॉक्समधील बारीक माती आणि दिव्यांच्या आत साचलेली वाफ याही पुराच्याच खुणा होत. आधुनिक मोटारीतील वायरिंग आणि नियंत्रण यंत्रणांत पाणी शिरले की त्रास वर्षानुवर्षे संपत नाही. अशी मोटार कोणत्याही किमतीस घेऊ नये.

इंजिन आणि टर्बोचार्जर

तपासणीच्या दिवशी इंजिन पूर्णपणे थंड असावे, असे विक्रेत्याला आदल्या दिवशीच सांगून ठेवावे. पोहोचल्यावर प्रथम बॉनेटवर हात ठेवून पाहावा. इंजिन आधीच गरम करून ठेवले असल्यास थंड स्थितीतील दोष लपविण्याचा तो प्रयत्न असू शकतो.

थंड इंजिन सुरू होताना काही क्षणांपेक्षा अधिक काळ साखळी खुळखुळल्यासारखा आवाज आल्यास टायमिंग चेन सैल झाली असण्याची शक्यता असते. ज्या इंजिनांत साखळीऐवजी पट्टा असतो, त्यांत तो ठरलेल्या मुदतीत बदलल्याचे बिल पाहावे. अबार्थ पुंटोचे इंजिन या पट्ट्याच्या प्रकारातील आहे. चालू इंजिनात पट्टा तुटल्यास व्हॉल्व्ह आणि पिस्टन यांची धडक होऊन इंजिन उघडण्याची वेळ येऊ शकते.

सायलेन्सरमधील धूर पुष्कळ काही सांगतो. निळसर धूर तेल जळत असल्याचे दाखवितो. त्याचे कारण टर्बोची सीले, व्हॉल्व्ह सीले किंवा पिस्टन रिंग यांपैकी काहीही असू शकते. गरम झालेल्या इंजिनातून सतत येणारा दाट पांढरा धूर कूलंट ज्वलनकक्षात शिरत असल्याचे लक्षण आहे. थंड सकाळी सुरुवातीला दिसणारी पातळ वाफ मात्र स्वाभाविक असते. काळा धूर इंधनाचे प्रमाण जास्त असल्याचे सुचवितो.

तेल भरण्याचे झाकण काढून आतील बाजूस दुधासारखा थर आहे काय, ते पाहावे. कूलंटच्या टाकीत तेलाचा तवंग नसावा. ही टाकी इंजिन थंड असतानाच उघडावी, अन्यथा भाजण्याचा धोका असतो. टर्बोला जोडलेल्या नळ्यांवर तेलाचा पुसट ओलावा चालू शकतो, परंतु थेंब साचलेले नसावेत. वेग वाढविताना शिट्टीसारखा तीव्र किंवा धातू घासल्यासारखा आवाज आल्यास टर्बोची बेअरिंग झिजली असावी, असा संशय घ्यावा.

ज्या इंजिनांत पेट्रोल थेट ज्वलनकक्षात फवारले जाते, त्यांत व्हॉल्व्हच्या मागील बाजूस कार्बन साचतो. अडखळत चालणारे इंजिन आणि मंदावलेली ओढ ही त्याची लक्षणे आहेत. साफसफाईचा उपाय उपलब्ध असला, तरी त्याचा खर्च किमतीत धरावा लागतो.

२० टक्के इथेनॉलमिश्रित ई-२० पेट्रोल आता देशभर मिळत आहे. एप्रिल २०२३ पूर्वीच्या बहुतेक मोटारी या इंधनासाठी खास तयार केलेल्या नव्हत्या. त्यामुळे जुन्या हॉट हॅचबॅकच्या इंधनवाहक रबरी नळ्या आणि सील यांची स्थिती पाहणे उपयुक्त ठरते.

क्लच आणि गिअरबॉक्स

हाताने गिअर बदलण्याच्या मोटारीत क्लचची परीक्षा सोपी आहे. चौथ्या किंवा पाचव्या गिअरमध्ये मध्यम वेगाने जात असताना अॅक्सिलरेटर एकदम पूर्ण दाबावा. इंजिनाचे फेरे वाढले, परंतु त्या प्रमाणात वेग वाढला नाही, तर क्लच प्लेट घसरत आहे. दुसऱ्या किंवा तिसऱ्या गिअरमध्ये जाताना करकर झाल्यास सिंक्रोनायझर झिजलेले असतात.

डीएसजी गिअरबॉक्सची तपासणी वेगळी असते. पोलो जीटी टीएसआयमधील सात गिअरच्या यंत्रणेत कोरड्या प्रकारचे दोन क्लच असून त्यांचे नियंत्रण मेकॅट्रॉनिक या भागाकडे असते. दाट रहदारीत सतत सरकत राहण्याने हे क्लच गरम होतात. म्हणून मोटार मोकळ्या रस्त्यावर नेण्यापूर्वी दहा मिनिटे रहदारीत अगदी कमी वेगाने चालवून पाहावी. पहिल्यातून दुसऱ्या गिअरमध्ये जाताना थरथर, झटके किंवा उशीर जाणवल्यास क्लच संच झिजला असण्याची शक्यता असते. चढावर मागे घेताना थरथर जाणवते काय, हेही पाहावे. गिअरचा दिवा लुकलुकणे किंवा काही गिअर अचानक न मिळणे ही मेकॅट्रॉनिकच्या दोषाची चिन्हे आहेत. हा भाग महाग असल्याने अशी मोटार दुरुस्तीचा लेखी अंदाज घेतल्याविना खरेदी करू नये.

रिमॅप आणि इतर बदल

टर्बो इंजिनाच्या नियंत्रक संगणकातील आज्ञावली बदलून शक्ती वाढविण्याच्या प्रक्रियेला रिमॅप म्हणतात. काही तासांत होणारा हा बदल बाहेरून दिसत नाही. विक्रीपूर्वी मूळ आज्ञावली पुन्हा भरूनही ठेवता येते. मात्र तोपर्यंत क्लच, टर्बो आणि गिअरबॉक्स यांनी सोसलेला ताण पुसला जात नाही.

याचे एक उदाहरण पुरेसे आहे. कोरड्या क्लचचा सात गिअरचा डीएसजी सुमारे २५० न्यूटन मीटर टॉर्कपर्यंतच्या वापरासाठी तयार केलेला आहे. पोलो जीटी टीएसआयचा मूळ टॉर्क १७५ असल्याने तेथे काही अवकाश राहतो. पोलो जीटीआयचा मूळ टॉर्कच २५० आहे. अशा मोटारीत रिमॅप केला गेला असल्यास गिअरबॉक्स त्याच्या मर्यादेपलीकडे वापरला गेला, असे मानावे लागते.

बदलांचा शोध घेण्यासाठी एअर फिल्टर, सायलेन्सर आणि टर्बोनंतरचा पाइप मूळ कंपनीचा आहे काय, हे मोटार लिफ्टवर घेऊन पाहावे. उत्प्रेरक परिवर्तक म्हणजेच कॅटॅलिटिक कन्व्हर्टर काढून टाकलेला असल्यास मोटार प्रदूषणाच्या चाचणीत अडचणीत येऊ शकते. स्कॅनर जोडून दोषांच्या नोंदी पाहाव्यात. नोंदी नुकत्याच पुसल्या गेल्या असतील तर अनेक स्कॅनर पुसल्यानंतर मोटार किती किलोमीटर चालली, हे दाखवितात. तपासणीच्या आदल्या दिवशीच नोंदी पुसलेल्या आढळल्यास त्याचे कारण विक्रेत्याला विचारावे.

हा प्रश्न केवळ यांत्रिक नाही. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार कंपनीच्या मूळ तपशिलापेक्षा वेगळा असा बदल करण्यास मनाई असून सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये या तरतुदीवर शिक्कामोर्तब केले. २०१९ च्या दुरुस्तीनंतर नियमबाह्य बदल करणाऱ्या मालकाला प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंतचा कारावास किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. शिवाय विमा कंपनीला न कळविलेल्या बदलांमुळे दावा नाकारला जाण्याचा धोका असतो. बदल केलेली मोटार घ्यावयाचीच असल्यास मूळ भाग विक्रेत्याकडून परत मिळवावेत.

ब्रेक, सस्पेन्शन आणि टायर

डिस्कच्या कडेला बोटाने जाणवणारा उंचवटा असल्यास ती झिजलेली समजावी. ब्रेक लावताना स्टिअरिंग थरथरत असल्यास डिस्क वाकडी झाली असण्याची शक्यता असते. मोटारीची उंची कमी करण्यासाठी आखूड स्प्रिंग बसविल्या असल्यास गतिरोधकांवर तेलाची टाकी आणि खालचा भाग घासलेला असतो. लिफ्टवर घेतल्याविना तो दिसत नाही. प्रत्येक शॉकअब्सॉर्बरवर तेलाची गळती आहे काय, हेही त्याच वेळी पाहावे.

टायरच्या बाजूवर चार आकड्यांचा कोड असतो. त्यातील पहिले दोन आकडे आठवडा आणि पुढील दोन वर्ष दर्शवितात. '२४१९' म्हणजे २०१९ चा चोविसावा आठवडा. नक्षी शिल्लक असली, तरी सहा-सात वर्षांपूर्वीचे टायर वेगवान मोटारीला धोकादायक असतात. चारही टायर एकाच आकाराचे आणि शक्यतो एकाच प्रकारचे असावेत. आतील कड अधिक झिजली असल्यास अलाइनमेंट बिघडलेले किंवा सस्पेन्शन वाकलेले असू शकते. रुंद टायर आणि कमी उंचीच्या बाजू यांमुळे खड्ड्यांत अलॉय चाकांना तडे जातात. म्हणून चाकांची आतील बाजूही पाहावी.

चाचणी फेरी

चाचणीपूर्वी मोटारीचा विमा चालू आहे आणि चालविणाऱ्याकडे वैध परवाना आहे, याची खात्री करावी. रेडिओ बंद ठेवून किमान वीस मिनिटे रहदारी, खराब रस्ता, चढ आणि मोकळा रस्ता अशा सर्व ठिकाणी मोटार चालवावी. वेगमर्यादा ओलांडण्याची आवश्यकता नाही. टर्बोचे काम तिसऱ्या गिअरमधील मध्यम वेगातही स्पष्ट कळते. ओढ सलग वाढावयास हवी, मध्येच खंड पडता कामा नये.

पुढील चाकांना शक्ती मिळणाऱ्या शक्तिशाली मोटारीत जोराने वेग घेताना स्टिअरिंग किंचित ओढल्यासारखे वाटणे स्वाभाविक आहे. स्थिर वेगात मोटार एका बाजूस जात असेल तर तो दोष होय. परतल्यावर इंजिन एक-दोन मिनिटे चालू ठेवून नंतर बंद करावे आणि पुन्हा सुरू करून पाहावे. उभ्या मोटारीखाली तेल किंवा कूलंट ठिबकत आहे काय, हे शेवटी पाहावे. अंतिम निर्णयापूर्वी त्या कंपनीच्या मोटारींचा अनुभव असलेल्या स्वतंत्र मेकॅनिककडून तपासणी करून घेणे हितावह असते. विक्रेत्याने सुचविलेला मेकॅनिक त्यासाठी योग्य नव्हे.

सुटे भाग आणि किंमत

अबार्थ पुंटो किंवा टियागो जेटीपी यांसारख्या अल्प काळ विकल्या गेलेल्या मोटारींत साधारण झिजणारे भाग मिळू शकतात, परंतु त्या आवृत्तीपुरते असलेले बंपर, दिवे, आसनांची कापडे किंवा चाके मिळविणे कठीण जाते. फियाटने भारतीय बाजारातून माघार घेतली असल्याने जवळपास कोणते गॅरेज ही मोटार हाताळते, हे खरेदीपूर्वीच पाहावे. बलेनो आरएसचे अनेक भाग साध्या बलेनोशी समान असल्याने तिची देखभाल तुलनेने सुलभ आहे.

तपासणीत आढळलेल्या प्रत्येक कामाची यादी करून त्याचा खर्च लेखी मिळवावा आणि त्या आधारे किमतीची बोलणी करावी. मोटारीच्या किमतीच्या दहा ते पंधरा टक्के रक्कम पहिल्या वर्षाच्या दुरुस्तीसाठी बाजूला ठेवणे शहाणपणाचे ठरते. तेवढी तरतूद शक्य नसल्यास कमी वयाची किंवा साधी मोटार घेणे अधिक योग्य होय.

व्यवहार पूर्ण करताना

मालकी हस्तांतरणासाठी नमुना २९ आणि नमुना ३० भरावे लागतात. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५० नुसार राज्यातल्या राज्यात विक्री झाल्यास विक्रेत्याने चौदा दिवसांत आणि खरेदीदाराने तीस दिवसांत नोंदणी अधिकाऱ्याला कळवावयाचे असते. कोऱ्या नमुन्यांवर स्वाक्षऱ्या घेऊन मोटार हातोहात फिरविण्याची पद्धत सर्रास दिसते. ती दोन्ही पक्षांना घातक आहे.

सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०१८ मध्ये दिलेल्या एका निर्णयात याचे गांभीर्य स्पष्ट झाले. एक मोटार अनेक हातांतून विकली गेली होती, मात्र नोंदणी पहिल्याच मालकाच्या नावे राहिली होती. पुढे झालेल्या अपघाताच्या भरपाईची जबाबदारी नोंदणीवर नाव असलेल्या मालकावरच राहील, असे न्यायालयाने स्पष्ट केले. विक्रेत्याने वेळेवर नाव न बदलल्यास काय होऊ शकते, याचा हा धडा आहे.

विमाही नव्या मालकाच्या नावे करून घ्यावा. कलम १५७ नुसार खरेदीदाराने त्यासाठी चौदा दिवसांत विमा कंपनीकडे अर्ज करावयाचा असतो. नो-क्लेम बोनस हा मोटारीचा नसून मालकाचा असल्याने तो खरेदीदाराला मिळत नाही आणि हप्त्यात तेवढी वाढ होते, हे लक्षात ठेवावे. विक्रेत्याचा फास्टॅग काढून नवा घ्यावा. रक्कम शक्यतो बँकेमार्फत द्यावी. ताबा-पावतीवर तारखेबरोबर वेळही लिहावी, कारण त्या क्षणापर्यंतचे दंड आणि अपघात यांची जबाबदारी ठरविताना ती उपयोगी पडते. दोन्ही किल्ल्या, माहितीपुस्तिका आणि सर्व बिले ताब्यात घेतल्यावरच उर्वरित रक्कम द्यावी.

चांगल्या स्थितीतील हॉट हॅचबॅक लहान कुटुंबाची रोजची गरज भागवून वाहन चालविण्याचा आनंदही देते. तशा मोटारी बाजारात आहेत, पण त्या घाई करणाऱ्याला क्वचितच सापडतात. कागदपत्रे अपुरी असणे, थंड इंजिन दाखविण्यास टाळाटाळ होणे आणि स्वतंत्र तपासणीस नकार मिळणे, या तीन गोष्टींपैकी एकही आढळल्यास खरेदीदाराने दुसरी मोटार शोधावी.